खाडी आमची, पेपर कुलपात

मागच्या अंकात ओपन ॲक्सेसबद्दल मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की संशोधनाचे पेपर नेटवर कुणालाही फुकट वाचता यायला हवेत आणि ठाण्या-नवी मुंबईतल्या कॉलेजांनी त्याची सुरुवात स्वतःपासून करावी. तेवढ्यावर इतके मेल आले की बाकीचे विषय पुढच्या महिन्यावर ढकललेत. ग्रंथपाल म्हणून आयुष्य काढलं, रिटायर झाले, तरी हा विषय निघाला की माझं तोंड बंद होत नाही, सांभाळून घ्या.

प्रश्न : मॅडम, मी ऐरोलीच्या दिवागावचा, घरात पिढ्यानपिढ्या मासेमारी. काही वर्षांपूर्वी कॉलेजची पोरं आणि त्यांचे सर बाबांच्या होडीतून खाडीत फिरले, गाळ घेतला, निवट्या-चिंबोऱ्या मोजल्या, बाबांना हजार प्रश्न विचारले. परवा त्यांचा पेपर गुगलवर सापडला, उघडायला गेलो तर साइट म्हणते 39 डॉलर भरा. खाडी आमची, होडी आमची, आणि पैसे पण आम्हीच द्यायचे? हे कायदेशीर आहे का? फुकट वाचायचा काही मार्ग?

उत्तर : कायदेशीर आहे हो, तेच तर दुखणं आहे. संशोधनाचा खर्च बऱ्याचदा सरकारी ग्रँटमधून, म्हणजे तुमच्या-माझ्या टॅक्समधून होतो. पेपर लिहिणाऱ्याला लिहिण्याचे पैसे मिळत नाहीत, तो तपासतात दुसरे प्राध्यापक, तेही साधारण फुकटच, आणि छापायच्या आधी लेखक एका फॉर्मवर सही करून कॉपीराइट प्रकाशकाच्या हवाली करतो. मग तोच पेपर प्रकाशक लायब्रऱ्यांना आणि तुमच्यासारख्यांना विकतो. म्हणजे म्हावरं तुम्ही धरायचं, साफ पण तुम्हीच करायचं, आणि संध्याकाळी तेच दुकानातून दुप्पट भावाने घरी आणायचं. पूर्वी निदान कागद, छपाई, पोस्ट असा खर्च तरी दिसायचा, आता एक पीडीएफ असते. हे बदला म्हणून 2002 साली बुडापेस्टच्या बैठकीतून जाहीरनामा निघाला आणि ओपन ॲक्सेस हा शब्द रुळला. फिजिक्सवाले तर 1991 पासूनच आपले पेपर आर्काइव्ह नावाच्या सर्व्हरवर टाकत होते.

आता तुमचा पेपर. 39 डॉलर अजिबात भरू नका. गुगल स्कॉलरवर पेपरचं नाव टाका आणि खाली 'ऑल व्हर्जन्स' दिसतं ते दाबा, बऱ्याचदा तोच पेपर लेखकाच्या कॉलेजच्या साइटवर पडलेला असतो. ब्राउझरला अनपेवॉल नावाचं एक्स्टेन्शन जोडून घ्या, फुकट आहे, पेपरच्या पानावर हिरवं उघडं कुलूप दिसलं की वाचायची प्रत कुठेतरी आहे असं समजा. तिथेही नाही मिळालं तर शोधगंगा बघा. आपल्या देशातल्या पीएचडीच्या प्रबंधांचा तो साठा आहे, गांधीनगरचं इन्फ्लिबनेट सांभाळतं, लॉगिन लागत नाही. त्या सरांच्या हाताखाली कुणी खाडीवर पीएचडी केली असेल तर पेपरमध्ये जे चार तक्ते आहेत त्याच्या जागी प्रबंधात चाळीस मिळतील.

आणि हे सगळं करण्याआधी सरळ लेखकाला मेल टाका! पत्ता साइटवर लेखकाच्या नावापाशी बहुधा पैसे न भरताही दिसतो. 'सर, तुम्ही आमच्या बाबांच्या होडीतून फिरला होतात' एवढं मराठीत लिहिलंत तरी पुरे. त्यांना त्या 39 डॉलरमधला एक रुपया मिळत नाही, उलट आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचतंय याचंच अप्रूप असतं, ज्याला मागाल तो बहुतेक वेळा प्रत पाठवतोच. आणि ती मिळवाच, कारण खाडीचा भाग 2015 ला फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 ला रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला, उद्या खाडीकाठच्या कुठल्या कामावर गावाला हरकत घ्यायची झाली तर नुसतं 'मासे कमी झाले' म्हणून चालत नाही, आकडे लागतात, आणि ते आकडे या कुलपात आहेत.

प्रकाशकांना न विचारता पेपर फुकट वाटणाऱ्या, चोचीत किल्ली धरलेल्या कावळ्याच्या त्या साइटबद्दल तिघांनी विचारलंय. प्रकाशकांनी तिच्यावर 2020 ला दिल्ली हायकोर्टात केस टाकलीय, तिचा पत्ता मी इथे देणार नाही. पोरं तिथे का जातात ते मला कळतं, एवढंच.

प्रश्न : मी कळव्याला राहते, एका खासगी कॉलेजात शिकवते, पीएचडी चालू आहे. तुम्ही ओपन ॲक्सेसचं कौतुक करता पण मला तर रोज मेल येतात की आमच्या ओपन ॲक्सेस जर्नलमध्ये 1800 रुपयात तीन दिवसांत पेपर छापून देतो. सोबत एक मेल जोडलाय. म्हणजे हे पैसे देऊन छापणंच झालं ना? आमचे एचओडी म्हणतात हे सगळं बोगस.

उत्तर : एचओडींचं निम्मं बरोबर आहे. तुम्ही जोडलेला मेल मी चष्मा लावून नीट वाचला. सुरुवातच 'रिस्पेक्टेड एमिनंट स्कॉलर', पुढे तुमचं नाव नाही, कारण हाच मेल हजारो जणांना गेलाय. इतिहास, नर्सिंग, यंत्रशास्त्र, योगा सगळं एकाच जर्नलमध्ये. 'यूजीसी ॲप्रूव्ह्ड' असा गोल शिक्का, आणि पैसे जीपेने एका मोबाइल नंबरवर! अहो, तीन दिवसांत पेपर कोण तपासणार, आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या तक्रारीलासुद्धा आठवडा लागतो. आयएसएसएन नंबर आहे म्हणून भुलू नका, तो नुसता नंबर आहे, दर्जाचा दाखला नव्हे. आणि तो शिक्का तर हसण्यासारखा आहे, यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, चांगल्या जर्नलांची आपली केअर यादीच फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली.

पण चोर साडी नेसून आला म्हणून साडीला शिव्या घालायच्या का? ओपन ॲक्सेसचा अर्थ वाचणाऱ्याला फुकट, एवढाच. खर्च कुणी उचलायचा याचे रस्ते वेगळे. एक रस्ता लेखकाकडून फी घ्यायचा, आणि तो खऱ्या जर्नलांतही आहे, 'नेचर'ने 2020 ला जाहीर केलेली फी एका पेपरला 9500 युरो होती, तुमच्या-माझ्या पगारात ते शक्यच नाही. हा रस्ता मलाही पटत नाही, वाचकाच्या दारावरचं कुलूप काढून लेखकाच्या दाराला लावायचं. दुसरा रस्ता, फी कुणालाच नाही, खर्च संस्था उचलते, याला डायमंड म्हणतात. बंगळुरूची इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस, सी. व्ही. रामन यांनी 1934 ला काढलेली, तिच्या जर्नलांचे लेख ॲकॅडमीच्या साइटवर कुणीही वाचावेत.

तिसरा रस्ता तुमच्या हातात आहे आणि आपल्याकडे नव्वद टक्के लोक तो वापरत नाहीत (हे माझं अनुभवाचं गणित, सर्व्हे नाही). नेहमीच्या चांगल्या जर्नलमध्ये छापा, एक पैसा न देता, आणि स्वीकारलेल्या पेपरची तुमची वर्डमधली प्रत कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे नेटवरच्या साठ्यात, टाका. बरीच जर्नलं याला परवानगी देतात, फक्त कधी 12 तर कधी 24 महिने थांबायला सांगतात, ते त्यांच्या साइटवर सेल्फ-आर्काइव्हिंगखाली लिहिलेलं असतं. प्रकाशकाने सजवलेली पीडीएफ टाकायची नाही, आपली साधी फाइल टाकायची, लोक गडबड करतात ती इथेच. सरकारी पैशावर संशोधन असेल तर डीएसटी-डीबीटीने, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी, 2014 लाच असं धोरण केलंय, पण ते वाचतो कोण.

आणि घाई कसली आहे ते पण बघा. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवलीय का ते ऑफिसात लेखी विचारा, कॅन्टीनमध्ये नको. जर्नल खरं का खोटं हे बघायला डीओएजे नावाच्या, तपासून घेतलेल्या ओपन ॲक्सेस जर्नलांच्या यादीत शोधा, मग संपादक मंडळावरच्या एखाद्याला मेल करून विचारा की तुम्ही खरंच तिथे आहात का. मी एकदा विचारलं होतं, त्या गृहस्थांना आपण संपादक आहोत हे माझ्याकडूनच कळलं.

प्रश्न : सरकारने वन नेशन वन सबस्क्रिप्शन आणलंय, मग आता हे ओपन ॲक्सेसचं तुणतुणं कशाला? - एक विद्यार्थी, नेरूळ

उत्तर : योजना चांगली आहे, जर्नलांची वर्गणी सगळ्या संस्थांसाठी सरकारच एकदम भरतं, 6000 कोटी, तीन वर्षं, 30 प्रकाशकांची 13,000 च्या आसपास जर्नलं. पण ती सरकारी संस्थांसाठी आहे, तुमचं कॉलेज खासगी असेल तर आधी लायब्ररीत विचारून बघा, आणि वर दिवागावचे जे वाचक आहेत ते तर कुठल्याच यादीत नाहीत. शिवाय हे भाडं आहे, 2027 नंतर परत भरायचं.

प्रश्न : मी ठाण्यात एका कॉलेजची ग्रंथपाल. आमच्याकडे एम.फिल.चे जुने प्रबंध कपाटात पडलेत, स्कॅन करून नेटवर टाकू का?

उत्तर : टाक गं, पण विचारून. कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो, कॉलेजचा नाही, म्हणून आधी एकेकाला फोन. माझ्याकडे असंच लोखंडी कपाट होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये, आणि रजिस्टरमध्ये बारा वर्षांत सह्या फक्त चार, त्यातली एक माझीच. ज्यांना फोन केले त्यांतल्या एका बाईंना आधी वाटलं आपल्यावर कारवाई होणार, मग म्हणाल्या माझ्या सुनेला लिंक पाठवा. रिपॉझिटरी चालवायचं डीस्पेस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, कॉम्प्युटर डिपार्टमेंटच्या पोरांना प्रोजेक्ट म्हणून दे, आधी पाचच प्रबंध चढव, प्रिन्सिपल सरांना स्क्रीनवर दाखव आणि मग पुढचं बजेट माग. स्कॅन करताना बाइंडिंग उसवू नकोस, मोबाइलने वरून फोटो काढलेस तरी वाचता येतं. आणि कपाटात डांबराच्या गोळ्या आजच ठेव, माझ्याकडचे दोन प्रबंध कसरीने माझ्या आधी वाचून संपवले होते.