रात्री अकराचं फरसाण दुपारी एकलाच ठरलेलं असतं

प्रश्न असा आहे: 'सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. दिवसभर भूक नसते, रात्री मात्र हात थांबत नाही. मनावर ताबा कसा आणू?'

हा 'ताबा' शब्द कुणी शिकवला तुम्हाला? घरच्यांनीच ना? 'जिभेचे चोचले, दुसरं काय!' या एका वाक्यावर माझं निम्म्या पालकांशी वाजतं.

मेसमधून परत येणारं ताट बघा. पोळीचा एक तुकडा मोडलेला, रस्सा संपलेला, बटाटे तसेच, भाताला बोटही लागलेलं नाही. दोनला सराव पेपर असला की हेच. ताणात शरीरात सुटणारं अॅड्रेनलिन चढलं की जठर सुस्तावतं, घास तोंडात फिरत राहतो, चार घासांत पोट गच्च. म्हणजे भूक मेलेली नसते, दबलेली असते. वर चार मोठे कप चहा. कपाला दोन लहान चमचे धरले तर चाळीस ग्रॅम साखर गेली, जेवण नाहीच. रात्री पुस्तक मिटलं की दबलेली भूक एकदम वर येते. ताण आठवडेच्या आठवडे टिकला तर कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक गोडा-तेलकटाची ओढ वाढवतं, म्हणून तेव्हा वरण-भात आठवत नाही, फरसाणच आठवतं. दोनशे ग्रॅमचं पाकीट म्हणजे हजाराच्या वर कॅलरी. त्यात चार तासांची झोप. शिकागो विद्यापीठाच्या 2004च्या एका छोट्या अभ्यासात, दोनच रात्री चार तास झोपलेल्या तरुणांमध्ये भूक वाढवणारं घ्रेलिन 28 टक्के वाढलं आणि पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन 18 टक्के घटलं. इथे मनाचा निर्धार काय करणार?

खरा घोळ दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. 'काल फार झालं' म्हणून नुसतं लिंबूपाणी, आणि रात्री पुन्हा तेच. 1944-45 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात एका प्रयोगासाठी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ती माणसं पाककृतींची पुस्तकं चाळत बसायची. तेही काय चोचलेच होते?

तर करायचं काय? उठल्यावर तासाभरात भूक नसली तरी कपभर दूध आणि केळं, किंवा दोन उकडलेली अंडी. पेपर दोनला असेल तर साडेबारालाच जेवा. पोळी घशाखाली जात नसेल तर वरण-भात कालवून घ्या, वर ताक. मऊ असलं की उतरतं. पाच वाजता मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा, आणि हे भूक लागायच्या आधी, लागल्यावर नाही. चारनंतर चहा बंद, नाहीतर झोप गेली. रात्री जागणार असाल तर खाणं आधीच ठरवून ठेवा: वाटीभर दडपे पोहे, बशीत काढून. पाकिटातून खाल्लं की किती गेलं ते कळत नाही. पहिले चार-पाच दिवस रात्रीची ओढ राहील. म्हणून सकाळचं खाणं मात्र चुकवू नका.

मधुमेह असेल तर वरचं दूध-केळं-गूळ डॉक्टरांना विचारूनच. खाऊन मुद्दाम उलटी काढत असाल, झोपेतून उठून खात असाल किंवा वजन झपाट्याने उतरत असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

आणि आईला सांगा, चिवड्याचा मोठा डबा पाठवण्यापेक्षा भाजलेले शेंगदाणे पाठव. फोनवर 'ताबा ठेव' म्हणायचं आणि पार्सलमध्ये दोन किलो चिवडा धाडायचा, हे बरंय!