गाणी नीट वाजतात, तरी कार्यक्रम मध्येच का पडतो?

तुम्ही विचारलंय की पाच जणांचा हौशी बँड आहे, तालमी व्यवस्थित होतात, गाणी चुकत नाहीत, तरी तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर लोक आपापसात बोलायला लागतात, मोबाईल काढतात. मग शेवटपर्यंत रंगत कशी टिकवायची? मी बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो आणि गाण्यांचा क्रम लावायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून त्या बाजूने सांगतो.

आधी तुमच्या एखाद्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग काढा आणि गाणी सोडून फक्त मधल्या जागा ऐका. टाळ्या थांबल्या, मग गिटारच्या तारा जुळवणं, "पुढचं कुठलं रे?", वहीची पानं उलटणं, माईकवर "हॅलो, हॅलो". स्टेजवर आपण कामात असतो, म्हणून हा वेळ जाणवत नाही. समोर बसलेल्याला मात्र तेवढ्यात करण्यासारखं काहीच नसतं. माणसं गाणं चालू असताना सहसा सुटत नाहीत, ती या फटीत सुटतात. त्यामुळे स्टेजवर उड्या मारण्याआधी या फटी बुजवा, असंच मी कुणालाही सांगेन.

आमच्याकडे हे कसं चालतं ते सांगतो. समजा एक गाणं सी मेजर पट्टीत संपतंय, पुढचं डी मेजरमध्ये आहे आणि त्यासाठी गिटारवर दुसऱ्या फ्रेटला (दांड्यावरच्या दुसऱ्या घरात) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावायचाय. शेवटचा सीचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) मी सोडत नाही, हलक्या आवाजात धरून ठेवतो. ड्रमर हाय-हॅटवर, म्हणजे जोडझांजेवर, पुढच्या गाण्याची लय बारीक सुरू करतो. गायिका त्यावर दोन वाक्यं बोलते. तेवढ्यात गिटारवाला ट्यूनरचं पेडल दाबून आपला आवाज बंद करतो, कॅपो लावतो आणि तारा तपासतो, कारण कॅपोच्या दाबाने त्या किंचित चढतात. झालं की मान हलवतो. ती मान हलली की मी ए सेव्हनवर, म्हणजे डीकडे ओढणाऱ्या कॉर्डवर, जातो, आणि तिथून डी इतका सहज येतो की नवीन गाणं सुरू झाल्याचं लोकांना ठेका पडल्यावरच कळतं. याची वेगळी तालीम लागते. पूर्ण गाणी वाजवू नका. एकाची शेवटची ओळ आणि दुसऱ्याची पहिली ओळ, एवढंच पुन्हा पुन्हा करा.

क्रम लावताना प्रत्येक गाण्यापुढे पट्टी, बीपीएम (मिनिटाला किती ठोके) आणि कोण गातंय एवढं लिहा. १२० बीपीएमच्या आसपासची तीन गाणी, त्यात तिन्ही एकाच पट्टीत, अशी पाठोपाठ आली तर चाली वेगळ्या असूनही ऐकणाऱ्याला एकच लांबलचक गाणं चाललंय असं वाटतं. पहिलं गाणं दणकट आणि हातात पक्कं बसलेलं घ्या. नाजूक गाणं तिथे ठेवू नका. माणसांचे अंग-कपडे बारीक, तीक्ष्ण आवाज शोषून घेतात, त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये लावलेला आवाज भरलेल्या हॉलमध्ये बदलतो, आणि साउंडवाला पहिलं गाणंभर तेच सावरत असतो.

आता आवाजाबद्दल, कारण हौशी बँड सगळ्यात जास्त इथे अडकतात: सगळे जण सगळा वेळ वाजवत असतात. दुसऱ्या कडव्याला गिटार आणि कीबोर्ड दोन्ही थांबवून बघा. नुसता बास आणि गळा. मग ध्रुवपदाला सगळे एकदम आलात की व्हॉल्यूमला हात न लावताही गाणं दुप्पट मोठं वाटतं. संगीतकार हायडनने १७९२ मध्ये लंडनमध्ये सादर केलेल्या ९४ व्या सिंफनीत हेच केलं आहे: दुसऱ्या भागात अगदी हळुवार साधी चाल, आणि अचानक सगळ्या वाद्यवृंदाचा एक जोरदार कॉर्ड. आधीची ती हळुवार चाल नसती तर त्या कॉर्डने कुणी दचकलं नसतं.

लोकांना सामील करून घ्यायचं असेल तर ओळ छोटी द्या, कुणालाही गाता येईल अशा पट्टीत द्या आणि ते गात असताना खरंच थांबा. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्ब्लीतल्या लाइव्ह एड कार्यक्रमात क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने अख्खं स्टेडियम असंच गायला लावलं होतं: एक छोटी तान द्यायची, गप्प व्हायचं, ऐकायचं. "आवाज येत नाहीये!" म्हणून लोकांना टोचू नका, दोनदा प्रतिसाद आला नाही तर शांतपणे पुढे जा.

टाळ्यांचा ठेका धरायला लावलात तर ड्रमरला एक गोष्ट नक्की सांगून ठेवा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३४ मीटर मागे बसलेल्याला तुमचा ठोका ०.१ सेकंद उशिरा ऐकू येतो आणि त्याची टाळी परत यायला तेवढाच वेळ लागतो. १२० बीपीएमला एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते, म्हणजे ०.२ सेकंदाचा फरक चांगलाच मोठा झाला. ड्रमर टाळ्यांच्या मागे गेला की लय ओढली जाते. त्याने मॉनिटरमधला (स्टेजवर आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमधला) बास ऐकावा, टाळ्यांकडे कान देऊ नये.

बोलणं थोडकं ठेवा. "आज घसा बसलाय, सांभाळून घ्या" हे तर अजिबात नको. ते ऐकल्यावर लोक गाणं सोडून घसाच ऐकत बसतात. त्याऐवजी पुढच्या गाण्यात कान कुठे द्यायचा ते सांगा, "मधल्या तुकड्यात बास काय करतोय बघा" असं काहीतरी. आणि निदान मुखडे पाठ असू द्या, स्टँड कमरेइतका खाली असू द्या. मान खाली घालून वाचणाऱ्याकडे कुणी फार वेळ बघत नाही.

शेवटचं म्हणजे यादीत गाळता येतील अशा दोन गाण्यांवर आधीच खूण करून ठेवा आणि गाळायचा निर्णय एकाच माणसाकडे द्या. आमच्याकडे तो गायिकेचा असतो. लोकांचे चेहरे तिलाच सगळ्यात नीट दिसतात. तिने हाताने खूण केली की चर्चा न करता आम्ही पुढच्या गाण्यावर जातो.