खांदशेकणीची संध्याकाळ

प्रश्न : माझ्या कथेतला चौदा वर्षांचा पोरगा, वडील अंथरुणाला खिळल्यावर शेत सांभाळतो. तो जबाबदार झाला हे कसं दाखवू?
– एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : 'आता मीच घरचा कर्ता' हे त्याचं वाक्य आधी खोडा, भाऊ. असं कोणी बोलत नाही.

माझे बाबा आजारी पडले त्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, बैलांचे खांदे मी शेकले. पळसाच्या पानानं तूप-हळद लावता लावता डाव्या बैलाचा खांदा सोललेला दिसला. डवरणी, म्हणजे बैल जुंपून पिकातली कोळपणी, मीच केली होती. जू नीट बसलं नव्हतं. 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या' असं बैलांना म्हणताना आवाज फाटला. बाबा खाटेवरून पाहत होते, बोलले नाहीत. तुमच्या पोरालाही अशी एक चूक द्या, स्वतःच्या हातची. सावकार, कर्ज वगैरे दोन ओळींत उरका.

आणि त्याचं पोरपण एकदम संपवू नका. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्याला, माझा लाकडी नंदी धाकट्यानं नेला. चाक निखळलं, मी खिळा ठोकून दिला. खरं तर मलाच ओढायचा होता.