आधी लेखाशीर्ष सांग

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं चार पानी पत्र पोचलं, सोबतची उत्तराची झेरॉक्सही. तू लिहितेस, ‘आबा, सहा महिने घातले आणि हाती एक ओळ लागली. सर म्हणतात नाद सोड, स्पर्धा परीक्षेचं बघ. मी काय करू?’ नाद सोडायचा की नाही, यावर मी काही बोलणार नाही. सोडायचाच असता तर अमळनेरला बसून चार पानं लिहिली नसतीस.

तुझा माहिती अधिकाराचा अर्ज मात्र मी तीनदा वाचला. ‘संसदेचा एका वर्षाचा एकूण खर्च किती?’ एवढंच विचारलंस. त्यांनी कळवलं की अशी एकत्रित माहिती या कार्यालयात संकलित केलेली नाही. तू म्हणतेस, ही लपवाछपवी. मला तसं वाटत नाही. त्या टेबलाशी मी बसलेला असतो तर मीही हेच लिहिलं असतं, आणि मी स्थानिक निधी लेखापरीक्षेत 31 वर्षं काढलेला माणूस आहे. उत्तर खोटं नाही, प्रश्न कच्चा आहे. सरकारी रुपयाला गाव असतं, गल्ली असते, घर नंबर असतो. ‘कोणत्या लेखाशीर्षाखाली?’, म्हणजे हिशेबाच्या कोणत्या खात्याखाली, हे विचारल्याशिवाय तो सापडत नाही.

आता नीट बघ. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लोकसभेसाठी 903 कोटी आणि राज्यसभेसाठी 413 कोटींची तरतूद होती. प्रमुख लेखाशीर्ष 2011, संसद आणि विधानमंडळांचं. लोकसभेच्या 903 मधले साधारण 559 कोटी सचिवालयाचे, संसद टीव्हीचं अनुदानही त्यातच. सदस्यांसाठी साधारण 339 कोटी. अध्यक्ष आणि उपाध्यक्षांचं वेतन संविधानाच्या अनुच्छेद 112 प्रमाणे ‘भारित’ असतं, म्हणजे त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. बाकीच्यावर मतदान व्हावं लागतं. राज्यसभेच्या खर्चालासुद्धा मत लोकसभाच देते, हे तुला ठाऊक नसावं, कारण तू राज्यसभेला वेगळा अर्ज करून ‘हा खर्च तुम्ही मंजूर कधी केला’ असं विचारलं आहेस.

पण 903 आणि 413 ची बेरीज करून ‘हा घ्या संसदेचा खर्च’ असं म्हणालीस तर पुन्हा फसशील. नवं संसद भवन 28 मे 2023 ला सुरू झालं, त्याच्या बांधकामाचा ठेका 861.90 कोटींना दिला होता. ते पैसे लोकसभेच्या मागणीत, म्हणजे मंजुरीसाठी मांडलेल्या तिच्या खर्चाच्या प्रस्तावात, जन्मभर शोधलेस तरी मिळणार नाहीत, ते गृहनिर्माण आणि नगरविकास मंत्रालयाच्या खात्यावर आहेत. संसदेचा पहारा 2024 पासून सीआयएसएफकडे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे, त्या दलाची तरतूद गृह मंत्रालयाच्या मागणीत असते. आणि खासदार निधीचे दर खासदारामागे वर्षाचे 5 कोटी तू यात धरलेस ते आधी खोड. तो निधी सांख्यिकी मंत्रालयाकडून येतो आणि मतदारसंघातल्या कामांसाठी असतो. अशा एका चुकीवर समोरचा माणूस तुझा सगळा अर्ज हसण्यावारी नेतो.

कॅन्टीनवर दीड पान खर्ची घातलंस त्याचं मला वाईट वाटलं. तिथलं जेवणाचं अनुदान जानेवारी 2021 मध्येच बंद झालं. थाळीचा दर डोळ्यांना दिसतो, शेतात राबणाऱ्या माणसाला त्याचा लगेच संताप येतो, आणि तो संताप खरा असतो, हे मी नाकारत नाही. पण थाळीवर ओरडून घसा बसेपर्यंत सचिवालयाचे शेकडो कोटी शांतपणे पुढे सरकलेले असतात. मंत्रालयांच्या मागण्या तपासायला 1993 पासून विभागवार स्थायी समित्या आहेत, आज 24. संसदेचं सचिवालय हे मंत्रालय नव्हे, म्हणून ते त्यांच्या यादीत बसत नाही. सभागृहातली गत तर तू पाहिलीच आहेस. 23 मार्च 2023 ला सुमारे 45 लाख कोटींचा खर्च गोंधळात, चर्चेविना, एका फटक्यात मंजूर झाला. लोकसभेची स्वतःची मागणीही त्याच गठ्ठ्यात गेली. सगळ्या देशाचा हिशेब तपासणाऱ्या घराचा हिशेब त्या घरातच कुणी मोठ्याने वाचत नसेल, तर बाहेरच्याने वाचायला हवा. आणि वाचायचा तर शीर्षानुसार.

ब्रिटनचं तू लिहिलंस ते बरोबर आहे. 2009 मध्ये तिथल्या खासदारांची बिलं वर्तमानपत्रात आली आणि सभागृहाच्या अध्यक्षांना, मायकल मार्टिन यांना, पायउतार व्हावं लागलं. सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते 1,645 पौंडांचं बदकांचं घर. पण लोकांच्या हाती भत्त्यांची एकेक पावती आली होती, कशासाठी किती मागितले हे ओळीओळीने. त्यातून खासदारांचे भत्ते ठरवणारी आणि देणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली. नुसती एकूण बेरीज छापली असती तर चार दिवसांत सगळे विसरले असते.

इतकं लांब तरी कशाला? मे 2025 मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती, म्हणजे सरकारी खर्च तपासणारी आमदारांची समिती, आपल्या धुळ्याला आलेली असताना विश्रामगृहाच्या बंद खोलीत 1 कोटी 84 लाखांची रोकड सापडली. गावात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. त्याचा तपास करणारे करतील. मी तेव्हा चहाच्या टपरीवर, बसस्टँडवर, देवळात लोकांना एकच विचारत होतो, की समितीचा मुक्काम, जेवण, गाड्या यांचं बिल कोणत्या लेखाशीर्षावर पडलं? एकानेही त्यात रस दाखवला नाही. रोकड ही बातमी असते, डिझेलचं बिल ही बातमी नसते. माझं आयुष्य डिझेलच्या बिलांत गेलं, पोरी.

मी यावर इतका का पेटतो तेही सांगतो. नोकरीतलं सातवं वर्ष असेल. एका तालुक्याच्या कार्यालयाचं लेखापरीक्षण करत होतो. आदल्या उन्हाळ्यात एक समिती पाहणीला येऊन गेली होती. तिच्या जीपगाड्यांचं डिझेल आणि दोन वेळची जेवणं मला टंचाईच्या शीर्षाखाली सापडली. टंचाई म्हणजे टँकर. त्या उन्हाळ्यात त्याच तालुक्यात बाया दोन-दोन हंड्यांसाठी रांगा लावून उभ्या होत्या. मी अर्धसमास, म्हणजे लेखापरीक्षेचा लेखी आक्षेप, लिहिला. साहेबांनी बोलावून घेतलं. पाहुण्यांच्या जेवणावर आक्षेप घेतात का, म्हणाले, आणि तिकडे सातपुड्याच्या डोंगरात धडगावला एक जागा रिकामी आहे असंही म्हणाले. आजी तेव्हा सातव्या महिन्याला होती. मी अर्धसमास मागे घेतला.

मी भित्रा नव्हतो. आक्षेप ठेवला असता तरी तो अहवालात एक परिच्छेद होऊन कपाटात पडला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. पण तो कागद परत घेतला तेव्हाचा साहेबांचा टेबल, त्यावरची काच, काचेखालचं कॅलेंडर, सगळं अजून दिसतं. त्यानंतरच्या 24 वर्षांत मी चुकीच्या शीर्षातलं एकही प्रमाणक, म्हणजे खर्चाचं व्हाउचर, आक्षेपाशिवाय सोडलं नाही. दोनदा पदोन्नती हुकली. मला त्याचं दुःख नाही. घरच्यांना होतं, आणि ते मी बघत राहिलो. ज्यांनी सोडलं त्यांची मुलं पुण्यात शिकली, माझी इथेच. तरी पुन्हा तसंच वागेन. एका अर्धसमासाची भरपाई तेवढ्याने झाली असं मात्र मी म्हणणार नाही.

म्हणून म्हणतो, एकूण खर्चाचा हट्ट सोड. एकच शीर्ष धर. लोकसभा सचिवालय, विदेश प्रवास, तीन आर्थिक वर्षं. प्रत्येक वर्षाचे तीन आकडे माग: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. अंदाज आणि प्रत्यक्षात कुठे दरी पडते ते बघ, मग पुढचा अर्ज त्या दरीबद्दल. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 मध्ये माहिती नाकारायला सभागृहाच्या विशेषाधिकाराचं कारण आहे, पण खर्चाचा आकडा मागताना ते आड यावं असं मला दिसत नाही. आणि ‘अमळनेरात बसून दिल्लीचं काय करणार’ असं पुन्हा लिहू नकोस, मला राग येतो. खर्चाची पुस्तकं दर फेब्रुवारीला सगळ्यांसाठी खुली होतात. ती अमळनेरात उघडत नाहीत का?

रविवारी सकाळच्या एसटीने ये. अर्जाची मूळ प्रत आण, आणि उत्तराचं पाकीट फेकलं नसशील तर तेही आण. पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत करावं लागतं, पोस्टाचा शिक्का बघून ठरवू की अपील करायचं की नवा अर्ज. मला वाटतं नवाच करावा. आजीने ज्वारीचे बिबडे केलेत, तुझ्या आईसाठी बांधून ठेवले आहेत.

तुझा,
आबा
धुळे