नर्सिंग फाउंडेशनमध्ये शिकवलेल्या गरजा, संस्कृती आणि आरोग्य या संकल्पना वॉर्डात खरोखर लागतात का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण जीएनएमच्या (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या नर्सिंग अभ्यासक्रमाच्या) पहिल्या वर्षात शिकत आहात, फाउंडेशनच्या तासाला मास्लोचा गरजांचा त्रिकोण, जागतिक आरोग्य संघटनेची आरोग्याची व्याख्या आणि संस्कृतीवरचा धडा पाठ करून घेतला जातो, पण पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाला, गेल्यावर बेडमेकिंग, टीपीआर (तापमान, नाडी आणि श्वसनाची नोंद) आणि औषधांच्या वेळा यांपलीकडे कोणी काही विचारत नाही, तेव्हा हा भाग केवळ पेपर लिहिण्यापुरताच आहे का? मी बरीच वर्षे प्रसूती विभागात काम केले आणि आता नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवते, त्यामुळे माझी उदाहरणे बहुतेक बाळंतिणींची असतील. माझ्या मते हा भाग वॉर्डात रोज लागतो, फक्त तो धड्यांप्रमाणे सुटा सुटा समोर येत नाही. आधी कशाकडे बघायचे हे गरजांचा क्रम सांगतो. ती गरज कोणत्या रीतीने भागवली तर रुग्णाला पटेल, हे त्याच्या घरातले वळण ठरवते. आणि ते वळण विचारल्याशिवाय कळत नाही.

मास्लोपासून सुरुवात करू. अब्राहम मास्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये माणसाच्या प्रेरणांविषयी एक लेख लिहिला आणि त्यात शारीरिक गरजा, सुरक्षितता, प्रेम व आपलेपणा, मानसन्मान आणि स्वतःतल्या क्षमतांचा पुरेपूर विकास असे पाच टप्पे मांडले. आपल्या पुस्तकात छापलेला त्रिकोण त्यांनी स्वतः काढलेला नाही. तो पुढे व्यवस्थापनशास्त्राच्या लेखकांनी रूढ केला. हा क्रम वाटतो तितका पक्का नसतो, हेही मास्लो यांनी त्या पहिल्या लेखातच लिहून ठेवले होते. परीक्षेत याला वेगळे गुण नाहीत, पण वॉर्डात हीच गोष्ट कामाला येते.

सिझेरियन होऊन नुकतीच ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) आलेली बाई डोळ्यांसमोर आणा. तिला ट्रॉलीवरून बेडवर घेतल्यावर सिस्टर प्रथम तिचा श्वास आणि शुद्ध बघते, नाडी व रक्तदाब घेते, चादर बाजूला करून पॅड किती भिजले आहे ते पाहते, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट लागते की मऊ हे चाचपते आणि लघवीच्या पिशवीत ताशी निदान ३० मिलिलिटर लघवी उतरते आहे ना, याची नोंद करते. दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांचे कितीही प्रश्न असले तरी तेवढा वेळ त्यांना थांबावे लागते. हा झाला त्रिकोणाचा पाया. त्याच वेळी ती बाई अर्धवट गुंगीत ‘बाळ कुठंय?’ असे विचारत असते, आणि माझे पुष्कळ विद्यार्थी सांगतात की प्रेम व आपलेपणा हा तिसरा टप्पा आहे, तो नंतर बघू. वास्तविक आई स्थिर असेल तर पहिल्या तासातच बाळ तिच्या छातीशी द्यायचे असते. बाळ ओढू लागले की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते, त्यामुळे गर्भाशय आकुंचन पावते आणि रक्तस्राव आटोक्यात राहण्यास मदत होते. बाळालाही ऊब मिळते. म्हणजे ज्या गरजेला आपण वरची म्हणून बाजूला ठेवत होतो, तिनेच खालच्या गरजेचे काम हलके केले. जीव धोक्यात असेल तोवर क्रम काटेकोर पाळावा, धोका टळला की त्रिकोण वहीत ठेवावा, असे मी विद्यार्थ्यांना सांगते.

नर्सिंगपुरते बोलायचे तर मला मास्लोपेक्षा व्हर्जिनिया हेंडरसन अधिक उपयोगी वाटतात, कारण त्या स्वतः नर्स होत्या आणि त्यांची यादी खाटेजवळ उभे राहून केल्यासारखी आहे. त्यांनी चौदा मूलभूत गरजा सांगितल्या : श्वास, खाणेपिणे, मलमूत्रविसर्जन, हालचाल, झोप, कपडे, शरीराचे तापमान, स्वच्छता, धोक्यापासून बचाव, आणि मग मन मोकळे करणे, आपल्या श्रद्धेप्रमाणे पूजा-प्रार्थना, काम, विरंगुळा आणि शिकणे. नर्सच्या कामाची त्यांची व्याख्याही पाठ करण्यापेक्षा समजून घेण्यासारखी आहे. माणूस आजारी असो वा निरोगी, त्याच्याकडे पुरेशी ताकद, इच्छा किंवा माहिती असती तर जी कामे त्याने स्वतःच केली असती, ती करायला त्याला मदत करणे, आणि तीही अशा रीतीने की त्याला लवकरात लवकर आपली गरज लागू नये, असा तिचा आशय आहे. शांतपणे मरण यावे यासाठी केलेली मदतही त्यांनी त्यातच धरली आहे.

आता उजव्या अंगावरून वारे गेलेल्या एखाद्या आजोबांचा विचार करा. त्यांना घास भरवणे सोपे असते आणि त्यात वेळही वाचतो. हेंडरसन मात्र सांगतात की त्यांना गिळता येत असेल तर त्यांनी स्वतः जेवावे अशी सोय करा. म्हणून आपण त्यांना टेकवून बसवतो, ताट डाव्या बाजूला सरकवतो, भाकरी आमटीत कुस्करून ठेवतो आणि म्हणतो, ‘आजोबा, डाव्या हाताने घ्या.’ आजोबा तोंड फिरवतात. केस पेपरवर ‘जेवण नाकारले’ अशी नोंद होते, डॉक्टरांच्या राउंडला ‘भूक मंदावली’ असे सांगितले जाते, आणि कोणी नाकातून नळी घालण्याचा विषयही काढतो. भूक मुळीच मंदावलेली नसते. डावा हात कशासाठी असतो आणि उजवा कशासाठी, हे त्यांच्या घरात लहानपणापासून ठरलेले असते, आणि वॉर्डातल्या सगळ्यांसमोर डाव्या हाताने जेवण्याची त्यांना लाज वाटते. हातात चमचा दिला, आधी त्यांच्या देखत हात साबणाने धुवून दिला आणि मध्ये पडदा ओढला, तर बहुतेक वेळा जेवण होते. गरज शारीरिकच होती, पण तिच्या वाटेत उभी होती ती संस्कृती.

हे शास्त्रशुद्ध मांडण्याचे श्रेय मॅडेलिन लायनिंगर यांना जाते. त्या नर्स होत्या आणि मानववंशशास्त्रज्ञही. १९५०च्या दशकात मुलांच्या मानसोपचार विभागात काम करताना त्यांच्या लक्षात आले की वेगवेगळ्या समाजांतून आलेली मुले खाणे, झोपणे, खेळणे यांबाबत अगदी वेगळी वागतात आणि सर्वांना एकच काळजी लागू पडत नाही. पुढे पापुआ न्यू गिनीत गडसुप लोकांमध्ये राहून त्यांनी याचा अभ्यास केला. त्यांच्या मांडणीतला वॉर्डात सर्वांत उपयोगी भाग म्हणजे रुग्णाच्या चालीरीतींबाबत निर्णय घेण्याचे तीन मार्ग : जी रीत हिताची किंवा निरुपद्रवी आहे ती जपायची, जी थोडी अडचणीची आहे तिच्याशी जुळवून घ्यायचे, आणि जी घातक आहे ती रुग्णाला सोबत घेऊन बदलायची.

आपल्याकडची बाळंतीण हे याचे नेमके उदाहरण आहे. माहेरी बाळंतपण, सव्वा महिना विश्रांती, अंगाला तेल, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांत हरकत घेण्यासारखे काही नाही, फक्त विश्रांतीच्या नावाखाली तिला दिवसभर झोपवून ठेवू नये, कारण लवकर चालू-फिरू लागल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. दवाखान्यातच पाचवा दिवस आला तर पाचवीची पूजा करू द्यावी. दिवा तेवढा ऑक्सिजनजवळ नको. शेगडी आणि धुरी यांबाबत जुळवून घ्यावे लागते : त्यामागचा उद्देश ऊब देण्याचा आहे आणि तो योग्यच आहे, पण धूर नवजात बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही, तेव्हा ऊब टोपडे, दुपटे आणि आईच्या छातीशी धरणे यांतून द्यायची आणि धुरी करायचीच असेल तर बाळ त्या खोलीत नसताना. ऑपरेशनला नेताना मंगळसूत्र काढण्यावरूनही असाच पेच पडतो. शस्त्रक्रियेत विजेवर चालणारी उपकरणे वापरतात म्हणून अंगावर धातू नको असतो. ‘काढा म्हणजे काढा’ असे म्हटले की बाई रडकुंडीला येते. पुष्कळ घरांत अशा वेळी दोऱ्यात हळकुंड ओवून गळ्यात बांधतात. ओटीच्या सिस्टरला आधी विचारून ठेवले आणि तो दोरा शस्त्रक्रियेच्या जागेपासून दूर असला, तर सहसा कोणी अडवत नाही.

चिकाबाबत मात्र तडजोड नाही. पहिले पिवळसर दूध जड असते म्हणून पिळून टाकायचे आणि बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवायचे, ही रीत अजून अनेक घरांत आढळते. त्या चिकातच बाळाला रोगांपासून वाचवणारे घटक भरपूर असतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध दिल्यास त्यातील जिवाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. इथे नवख्या सिस्टर बाळंतिणीला समजावत बसतात, आणि ती बिचारी मान डोलावते. घरचा निर्णय तिच्या हातात नसतो. बोलायचे असते ते सासूबाईंशी किंवा आजीशी. तेही ‘तुमचं चुकतं’ अशा सुरात नको. ‘आजी, बाळाला पहिल्यांदा तुमच्या हातानंच छातीशी लावा’ असे म्हणून बाळ त्यांच्या हाती द्यावे, आणि बाळ ओढू लागल्यावर मधाविषयी बोलावे.

या सगळ्यात एक खबरदारी हवी. संस्कृती म्हणजे केस पेपरवरचा धर्माचा रकाना नव्हे. नाव वाचून ‘यांचा रोजा असणार’ किंवा ‘या कांदा खात नसणार’ असे गृहीत धरणारी सिस्टर आणि काहीच न विचारणारी सिस्टर, दोघींचे रुग्ण सारखेच उपाशी राहतात. आणखी एक गोष्ट पुस्तकात फारशी येत नाही : दवाखान्यालाही स्वतःची संस्कृती असते. पहाटे उठवून स्पंजिंग करणे, एका रुग्णाजवळ एकच नातेवाईक, आपसात रुग्णाला नावाऐवजी बेड नंबराने ओळखणे, हे आपल्याला नियम वाटतात, पण बाहेरून येणाऱ्याला ते परक्या मुलखातले रिवाज वाटतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दवाखाना बांधण्यापूर्वी आदिवासींना विचारले, तेव्हा मोठ्या इमारतीची भीती वाटते आणि नातेवाइकांना सोबत राहता आले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. म्हणून तिथला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा आहे आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव आहे.

राहिली आरोग्याची व्याख्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतली, १९४८ पासून लागू झालेली व्याख्या सांगते की आरोग्य म्हणजे केवळ रोग किंवा दुबळेपणा नसणे नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक दृष्ट्या पूर्ण स्वास्थ्य. त्यातल्या ‘पूर्ण’वर बरीच टीका झाली आहे आणि मला ती रास्त वाटते, या मापाने मधुमेह सांभाळून शेती करणारा माणूस कायमचा आजारी ठरेल. तरीही ‘सामाजिक’ हा भाग सोडू नका. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले, तेव्हा गावकऱ्यांची पहिली निकड औषधांची नव्हती, अन्न आणि पाण्याची होती. आरोळे दांपत्याने तिथूनच हात घातला आणि पुढे गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. मास्लोचा पाया, संस्कृती आणि आरोग्याची व्याख्या या तिन्ही गोष्टी तिथे एकाच कामात दिसतात.

आता आपल्या पोस्टिंगपुरते सांगते. केअर प्लॅन लिहिताना गरजांचा रकाना पुस्तकातून उतरवू नका. रुग्णाजवळ बसून त्याचा घरचा दिवस कसा जातो तेवढे विचारा, म्हणजे कधी उठता, अंघोळीआधी काही खाता का, झोपताना जवळ कोण असते, वगैरे. मधुमेहाची एखादी आजी सांगेल की अंघोळ आणि जप झाल्याशिवाय ती तोंडात काही घालत नाही, आणि वॉर्डात गरम पाणी यायला नऊ वाजतात. तिचे इन्सुलिन साडेसातचे असते, त्यानंतर अर्ध्या तासात खाणे अपेक्षित असते, आणि ती चहाचा कपही न शिवता बसून राहते. मग रक्तातली साखर उतरून तिला दरदरून घाम फुटून हातपाय थरथरू लागले तर त्यात नवल काय? अशा वेळी डॉक्टरांना सांगून इन्सुलिन आणि नाश्त्याची वेळ पुढे ढकलता येते का ते विचारायचे, किंवा मावशींना सांगून तिला गरम पाणी सातच्या आत मिळेल असे बघायचे, आणि यातले जे ठरेल ते केअर प्लॅनमध्ये लिहून ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्यूटीला काम सोपवताना, तोंडीही सांगायचे, नाहीतर तिथली सिस्टर घड्याळाकडे बघून नेहमीच्याच वेळी इंजेक्शन देईल.