वाचकांचे प्रश्न: क्रीटमधली समारिया घळ

प्रश्न: सप्टेंबरमध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावर जाणार आहोत. समारिया घळ एका दिवसात चालायची आहे. सह्याद्रीतले किल्ले आम्ही नेहमी चढतो. इथे तर सगळी उतरणच आहे, मग सोपी असेल ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर: उतरण आहे म्हणूनच ती अवघड आहे. ओमालोस पठाराच्या कडेला, साधारण १,२३० मीटरवर, क्सिलोस्कालो इथून वाट सुरू होते आणि १६ किलोमीटरांनी आगिया रुमेली गावात समुद्राला भेटते. मात्र ही उतरण सारखी वाटलेली नाही. पहिल्या साडेतीन-चार किलोमीटरांतच जवळजवळ निम्मी उंची संपते. किल्ल्यावर दम छातीला लागतो, इथे मांड्या आणि गुडघ्यांना. घाईघाईत उतरणाऱ्यांचे पाय शेवटच्या टप्प्यात थरथरू लागतात, आणि नेमका तिथे नदीपात्रातल्या सुट्या गोट्यांवरून तोल सांभाळायचा असतो.

म्हणून सुरुवातीला मुद्दाम सावकाश चाला. पावले आखूड टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. काठ्या असतील तर नेहमीपेक्षा पाच-सात सेंटिमीटर लांब करा. नखे दोन दिवस आधी कापा. बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधा, नाहीतर पाय पुढे सरकून अंगठ्याचे नख काळे पडते. नवे बूट नकोतच. आणखी एक फरक: आपला काळा पाषाण कोरडा असला की पकड देतो. इथला चुनखडक हजारो पावलांनी गुळगुळीत झाला आहे, तो कोरडाही घसरतो. पाय मुरगळला तर आत गाडी येत नाही, खेचरावरून बाहेर काढतात.

प्रश्न: पाणी किती न्यावे? परतायचे कसे?

उत्तर: माणशी एक ते दीड लिटरची बाटली पुरे. वाटेत झऱ्यांचे पाणी मिळते, प्रत्येक ठिकाणी भरून घ्या. साधारण सातव्या किलोमीटरवर समारिया हे ओस गाव लागते. १९६२मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा रहिवाशांना ते सोडावे लागले. जेवण इथेच उरका. पुढे ‘लोखंडी दरवाजे’ येतात. तिथे कडे सुमारे ३०० मीटर उंच आहेत आणि मधली फट जेमतेम तीन-चार मीटरची. ती ओलांडल्यावर सावली संपते, म्हणून टोपी हाताशी ठेवा. दरड कोसळण्याच्या पाट्या दिसतील तिथे फोटोसाठी थांबू नका.

आगिया रुमेलीला रस्ताच नाही. तिथून बोटीने सूइया किंवा होरा स्फाकिओन गाठायचे आणि मग बसने हानिया शहर. म्हणून हानियाहून ओमालोसची सकाळची पहिली बस धरा आणि संध्याकाळच्या बोटीची वेळ आधी पाहून ठेवा. चालायला पाच ते सात तास लागतात. प्रवेशाचे तिकीट जपा, बाहेर पडताना तपासतात.

प्रश्न: सोबत सासूबाई आहेत, वय ६८. त्यांना काही पाहता येईल का?

उत्तर: हो. बोटीने थेट आगिया रुमेलीला जाऊन खालून दरवाजांपर्यंत यावे. एका बाजूने साधारण चार-साडेचार किलोमीटर, चढ सौम्य. पण ऊन फार, त्यामुळे लवकरची बोट घ्या.

घळ साधारण मे ते ऑक्टोबर खुली असते. पाऊस किंवा कडक उन्हाचा इशारा असला की बंद ठेवतात, कारण या अरुंद पात्रात पाणी अचानक वाढते. निदान एक दिवस राखीव ठेवा, आणि आदल्या संध्याकाळी घळ उघडी आहे का ते विचारून घ्या.