रोज पहाटे चादर धुणारी मुलगी

मावशी, मी 23 वर्षांची, मूळची नगरची, पुण्यात जॉब करते. आमच्या चर्चचा मे महिन्यात पाचगणीला मुलांचा कॅम्प असतो, आठ ते बारा वयोगट, पाच रात्री. मी दरवर्षी लीडर म्हणून जाते, पैसे काही मिळत नाहीत, सुट्ट्या माझ्या जातात. यंदा थीम होती चांगला मेंढपाळ. माझ्या डॉर्ममध्ये नऊ मुली. त्यातली एक दहा वर्षांची, इतकी गुणी की रोज सगळ्यांच्या आधी उठून स्वतःची चादर धुवून वाळत घालायची, मी बाकीच्यांसमोर तिचं कौतुकही केलं की बघा, शिका जरा. प्रार्थनेचा विषय विचारला की म्हणायची, पाऊस पडू नये. एवढी गोड! चौथ्या दिवशी अचानक गप्प झाली, जेवेना, खेळेना, शेवटी आईवडील येऊन घेऊन गेले. आता तिची आई चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटलीये की लीडरचं लक्ष नव्हतं. मावशी, मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून क्राफ्टचं सामान कापत होते! फुकट राबायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं. पाळकसाहेब म्हणतात पुढच्या वर्षीही ये. जाऊ का नको?
– वैतागलेली लीडर

वैतागलेल्या लीडर,

अपमानाबद्दल तू भरभरून लिहिलं होतंस, त्यातलं बरंच मी कापलंय. मला त्या चादरीच्या पुढे जाताच येईना.

दहा वर्षांची मुलगी, सुट्टीला आलेली, पाचगणीच्या पहाटेच्या गारठ्यात एकटी उठून नळाखाली चादर धुतेय, आणि तेही रोज. अगं कुठलं लेकरू असं करतं? घरी आपलं ताट उचलून मोरीत ठेवत नाहीत ही (माझी नातवंडं तर नाहीच नाही). गुणी असेलही ती, पण चादर त्यापायी धूत नव्हती. तिचं अंथरूण रात्री ओलं होत होतं.

आता तो पाऊस घे. मे महिन्यात तिकडे दुपारनंतर कधीही वळीव कोसळतो. चादर वाळली नाही तर रात्री काय अंथरायचं, आणि ओली चादर कुणी बघितली, विचारलं, तर काय सांगायचं, याचा हिशोब ते पोर दिवसभर मनात करत असणार आणि संध्याकाळी गोलात बसून त्यातलं जेवढं मोठ्याने सांगता येईल तेवढं देवाला सांगत होतं. आणि तुला ते गोड वाटलं.

वर तू तिला सगळ्यांसमोर उभं केलंस. म्हणजे जी गोष्ट कुणी बघू नये म्हणून ती पहाटे उठायची, तिथेच आठ जणींच्या नजरा वळवल्यास. चौथ्या दिवशी जेवेना म्हणतेस, पाणी पीत होती का बघितलंस? अशी मुलं संध्याकाळ झाली की पाण्याला हात लावत नाहीत, घाबरून.

तिच्या आईने भर चर्चमध्ये बोलायला नको होतं, मान्य. फॉर्मवर 'काही त्रास आहे का' समोर त्यांनीच 'नाही' असं लिहिलं असणार, त्यांना घरी हे माहीतच नसेल हे काही मला पटत नाही. पण म्हणाल्या ते खरंय. लक्ष नव्हतं तुझं. नऊ मेंढरं तुझ्या ताब्यात दिली होती आणि तू रात्रभर कापसाच्या मेंढरांसाठी पुठ्ठे कापत बसलीस. रागावलेय मी, दिसतंच असेल.

लीडर ट्रेनिंगला तुम्हाला गोष्ट कशी रंगवायची, अॅक्शन साँग कशी घ्यायची, वचन कसं पाठ करून घ्यायचं सगळं सांगतात, रात्रीचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. दहाव्या वर्षी साधारण 20 मुलांमागे एकाचं अंथरूण अजून ओलं होत असतं. आईवडलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला असण्याची शक्यता 44 टक्क्यांच्या आसपास, दोघांना असेल तर 77. यात आळस नाही की वाईट वळण नाही, झोप इतकी गाढ असते की मूत्राशय भरलंय हे कळून जागच येत नाही, आणि काहींच्या अंगात रात्रीची लघवी कमी करणारं हार्मोन पुरेसं तयार होत नाही. बहुतेकांचं वयाबरोबर जातं. सहा महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं, लघवीचं इन्फेक्शन असू शकतं, बद्धकोष्ठता, शुगर, नाहीतर घरात काहीतरी बिनसलेलं. कॅम्पसारख्या चार दिवसांसाठी बालरोगतज्ज्ञ रात्रीची लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिनची गोळी पण देतात, ती घेतल्यावर रात्री पाणी जपून प्यायचं असतं, त्यामुळे ते डॉक्टरांना विचारूनच.

म्हणजे साठ मुलांच्या कॅम्पात अशी दोन-तीन सहज असणार. गेल्या वर्षी पण असतील. त्यांनी काय केलं असेल कोण जाणे.

आणि करायचं काय असतं गं लीडरने? कॅम्पफायरला सरबताचा दुसरा ग्लास द्यायचा नाही, झोपायच्या आधी अख्ख्या डॉर्मची बाथरूमला फेरी, सगळ्यांची, तिची एकटीची नाही, आणि आपण आडवं व्हायच्या आधी तिला हळूच उठवून एकदा नेऊन आणायचं. तू तर दोनपर्यंत जागीच होतीस!

या आठवड्यात त्यांच्या घरी जा. फोन नको, चर्चचं आवार तर नकोच, मुलगी क्लासला गेलेली असेल अशी वेळ बघ. आईला सांग, ती रोज चादर धुते हे मी बघत होते आणि मला कळलं नाही, चुकलं माझं. बस. सुट्ट्या, जागरणं, क्राफ्टचं सामान यातलं काहीही काढायचं नाही. त्या बोलतील ते ऐकून घ्यायचं. आणि मुलीशी यावर एक अक्षर नाही, 'मला माहितीये हं, काळजी करू नको' असलं प्रेमाचं तर मुळीच नाही. तिने जिवापाड लपवलंय ते, लपलंय असंच तिला वाटू दे.

पुढच्या वर्षी जायचं, प्रश्नच नाही. पाळकसाहेबांना सांग की फॉर्मवर सरळ विचारा, रात्री अंथरूण ओलं होतं का, त्या मोघम रकान्यात कुठलीच आई हे लिहिणार नाही. कुठल्या मुलीवरून सुचलं ते त्यांनाही सांगू नकोस, आणि तो कागद त्या-त्या लीडरपलीकडे जाता कामा नये. त्यांना कसंतरी होईल, होऊ दे. जाताना दोन गडद रंगाच्या जादा चादरी स्वतःच्या बॅगेत टाक, कॅम्पच्या सामानात देऊ नकोस, तिथून मागायला लागल्या की सगळ्या कॅम्पला कळतं.

– मावशी